साथीने की साथीत

चेकमामाला खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण, आणि तीसुद्धा रागावली तरच. बाकी सगळ्या वस्तीला तो चेकमामा. लग्न असो, शाळेचं संमेलन असो की कामगारांची सभा, आधी हा माइकसमोर उभा राहणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "हॅलो, चेक, चेक." मग कान देऊन ऐकत बसणार. मामा तो तसा बहिणीच्या एकाच मुलीचा, पण ती लहानपणी त्याच्या टेंपोत बसून गल्लीभर "मामा, मामा" ओरडत फिरायची, तेव्हापासून तो सगळ्यांचाच मामा झाला.

लग्न त्याने केलं नाही. भोंगे, वायरी आणि ॲम्प्लिफायर हाच त्याचा संसार. राहायला ताईच्या घरामागची खोली, जेवायला ताईचं ताट. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईनेच याला वाढवलं होतं. ती गाद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. वर्षानुवर्षं कापसाचा भुगा नाकातोंडात जाऊन तिची छाती पार खराब झाली होती. चार पायऱ्या चढली की ही बाई कठड्याला धरून उभी. तरी भावाच्या प्रत्येक भोंग्याला जाड कापडाची खोळ तीच शिवून द्यायची, वर म्हणायची, "माणसांना स्वेटर मिळत नाहीत, याच्या भोंग्यांना अंगरखे!"

धंद्यातलं एक गुपित मामा येईल त्या वक्त्याला सांगायचा आणि कोणी वक्ता ते ऐकायचा नाही. "साहेब, भोंग्यातून बोलताना घाई नको. शब्द टाकायचा आणि थांबायचं. तो समोरच्या भिंतीला आपटून परत येऊ द्यायचा. मग पुढचा. नाहीतर आपलेच शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात, लोकांना नुसता कल्ला ऐकू येतो." वक्ते माना डोलवायचे आणि माइक हातात आला की सुसाट सुटायचे. मामा मशीनमागे बसून कपाळाला हात लावायचा.

मग ती साथ आली. सभा बंद, लग्नं बंद, शाळा बंद. भोंगे खोळी घालून भिंतीशी बसले आणि त्यांच्या शेजारी मामा बसला. अशात नगर कार्यालयाचा निरोप आला की रोज संध्याकाळी टेंपो घेऊन वस्तीतून फिरायचं आणि कार्यालयाने दिलेला त्या दिवसाचा आकडा वाचायचा. मामाला तेवढंच हवं होतं. "आज साथीने गेलेले..." असं म्हणून तो थांबायचा, आवाज समोरच्या इमारतींवरून परत यायचा, मग आकडा. लोक तो आला की खिडक्या लावून घ्यायचे. त्याचं काही वाटून घ्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण वाटायचंच.

एके दिवशी त्याचा शेजारी, रंगारी, परांचीवरून पडला. बंदीच्या काळात चोरून एका इमारतीचं काम चालू होतं. मामाच्या टेंपोवर ज्याने इतकं सुबक नाव रंगवून दिलं होतं तोच हा माणूस. मामानेच त्याला उचलून टेंपोत घातलं, पण दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. आणि संध्याकाळी कार्यालयात गेला तर कागदावर लिहिलेलं, आज आपल्या भागातून साथीने गेलेला एक.

"हा एक कोण?" मामाने विचारलं.

"रंगारी कोणी तरी," अधिकारी मान वर न करता म्हणाला.

"अहो साहेब, तो उंचावरून पडला! मी उचललाय त्याला. तो साथीने कसा जाईल?"

"मेल्यावर तपासणी केली, तीत साथ निघाली. झालं मग."

"निघाली असेल. पण तो साथीने नाही ना गेला. साथीत गेला."

"ने काय आणि त काय! एका अक्षरासाठी माझं डोकं नका खाऊ. दिलंय ते वाचा."

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मामाचं म्हणणं खरं होतं, शंभर टक्के खरं. त्या खुर्चीतल्या माणसाने एवढंच म्हटलं असतं की बाबा रे, आमची मोजणी ढोबळ आहे, कधी एखादा जास्त धरला जातो, कधी दहा सुटतात, पण माणसं मरताहेत एवढं मात्र पक्कं, तर मामाने मान डोलावली असती आणि ही गोष्ट तिथेच मिटली असती. पण खुर्चीत बसलेल्याला चूक कबूल करायची म्हटलं की पोटात दुखतं. त्याने हाताने "जा, जा" अशी खूण केली आणि मामाचं डोकं फिरलं.

त्या संध्याकाळी टेंपो चौकात आला. मामाने कागद वाचला, थांबला, आणि आवाज परत आल्यावर स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं. "साथीने की साथीत, ते कार्यालयाला विचारा!"

एक खिडकी उघडली. मग दुसरी. कोणी तरी खो खो हसलं, आणि वरच्या कुठल्याशा गॅलरीतून टाळ्या आल्या. रंगाऱ्याला सगळे ओळखत होते. घरात कोंडून, चिडून, घाबरून बसलेल्या लोकांना आपल्या मनातलं कोणी तरी बोलल्यासारखं झालं. मामाचं काम दुसऱ्या दिवशी गेलं, पण त्याला त्याचं काही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं मोठी करून ऐकवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःसाठी टाळी ऐकू आली होती, आणि ती त्याच्या डोक्यात गेली.

वकीलसाहेब लगेच दारात हजर. ते जुन्या वळणाच्या पक्षाचे उमेदवार. त्यांचं म्हणणं असं की सरकारने आधी दुकानाला कुलूप लावलं, मग प्रार्थनेला, मग शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या दारात जायला बंदी केली, आणि उद्या लसीची सुई घेऊन आपल्या अंगातही शिरेल. घर आपलं, रीत आपली, शरीर आपलं. माणूस तसा दुष्ट नव्हता. काम बंद पडलेल्यांच्या घरी त्याने धान्य पोहोचवलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. गोड बोलायचा, आणि गोड माणसाला नाही म्हणणं मामासारख्याला फार जड.

बंदी सैल झाली, सभा सुरू झाल्या आणि चेकमामा मशीनमागून उठून मशीनपुढे आला. भाषण त्याला येत नव्हतं, पण थांबायचं कसं ते येत होतं. तो म्हणायचा, "साथीने..." आणि थांबायचा. सवयच ती. पहिल्या सभेतच त्या मोकळ्या जागेत मैदान गरजलं, "की साथीत?" झालं! पुढे प्रत्येक सभेत तेच. याने अर्धं टाकायचं, लोकांनी अर्धं झेलायचं. पोरं खेळताना म्हणू लागली. मामाचे मेहुणे, म्हणजे दाजी, कोपऱ्यावरच्या गप्पा उरकून घरी उशिरा आले की ताई विचारायची, "काय हो, उशीर कामाने झाला की कामात?" आणि दाजी हसून लोटपोट व्हायचे. मामाचे सगळ्यात मोठे भक्त तेच.

मामा आता रोज वर्तमानपत्रांतले आकडे ताडून बघायचा. काल वगळलेले आज का धरले, गावाचे इतके तर जिल्ह्याचे तितकेच कसे? त्याचे बरेच प्रश्न बिनतोड होते आणि कार्यालयाकडून एकालाही धड उत्तर आलं नाही. पण एक प्रश्न मामाने कधीच विचारला नाही. मागच्या गल्लीतली म्हातारी, तिचा मुलगा, कोपऱ्यावरचा चहावाला, ही माणसं घरातच धाप लागून गेली, त्यांना दवाखाना दिसला नाही की तपासणी. ती कुठल्या आकड्यात होती? कुठल्याच नाही. भाचीने एकदा जेवताना हे काढलं. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, रोज तोंडं बघत होती माणसांची. मामा म्हणाला, "हो, तेही बघायला हवं," आणि वाटीत आणखी आमटी वाढून घेतली.

मग लस आली. वकीलसाहेबांनी मामाचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला आणि पक्षाचा टेंपो तो वाजवत वस्तीत फिरू लागला. मामाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो चपापला. त्याचं "साथीने की साथीत?" संपलं की मागोमाग दुसराच कोणी खर्जातला आवाज म्हणत होता, "मग सुई कशाला?"

"साहेब, हे मी म्हटलेलं नाही," मामा म्हणाला.

"तुम्ही कुठे म्हणताय? तुम्ही फक्त प्रश्न विचारताय. पुढचा आवाज दुसऱ्याचा आहे."

"पण लोकांना वाटणार..."

"लोकांना काय वाटावं ते लोकांनी ठरवायचं, मामा. आपण कोण?"

मामाने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. खरं सांगायचं तर त्याला त्या ध्वनिमुद्रणाची भुरळ पडली होती. इतका स्वच्छ, इतका भरदार आपला आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

निवडणूक तोंडावर आलेली असताना एका सकाळी ताई त्याच्या शेडमध्ये आली. हातात नव्या भोंग्याची खोळ. दारापासून आत येईपर्यंत तिला धाप लागली, म्हणून खोक्यावर बसली. मामा एका भोंग्याचं युनिट उघडून बसला होता. पक्षाचे दोघे कार्यकर्ते सभेचं ठरवायला आले होते, तेही तिथेच उभे.

"काय रे," ताई म्हणाली, "ती सुई घेऊ का मी? पोरगी रोज मागे लागलीय. डॉक्टर म्हणतात तुमच्या छातीला तर घ्यायलाच हवी. हे म्हणतात, तुझा भाऊ काय बोलतो ते ऐकू येत नाही का?"

मामाने मान वर केली. कार्यकर्ते त्याच्याकडे बघत होते.

"ताई, ज्याचं त्याने ठरवावं," तो म्हणाला.

"मी तुला विचारतेय. माइकला नाही."

मामाच्या मनात होतं, घे म्हणावं. अगदी ओठांवर आलं होतं. ताईची छाती त्याला ठाऊक होती, वर्षानुवर्षं ती धाप तो भिंतीपलीकडून ऐकत आला होता. त्याचं भांडण आकड्याशी होतं, सुईशी कधीच नव्हतं. पण या दोघांसमोर "घे" म्हटलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं की चेकमामाने घरच्यांना सुई टोचून घ्यायला सांगितली.

"थांब ना थोडी," तो म्हणाला. "निवडणूक होऊ दे. मग बघू."

"थांबते," ताई म्हणाली. तिने खोळ भोंग्याला घालून बघितली, एका टाक्याचा धागा लोंबत होता तो दातांनी तोडला आणि उठून गेली.

आणि ती खरंच थांबली हो! भाचीने चिडून सांगितलं, रडून सांगितलं, आईचं एकच, "मामा म्हणालाय मग बघू." मतदानाच्या आधीच्या आठवड्यात तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी धाप अशी वाढली की मामाने तिला उचलून टेंपोत घातलं, रंगाऱ्याला घातलं होतं तसंच. या वेळी दवाखान्याच्या दारात संपलं नाही. आत खाट मिळाली, नाकाला नळी लागली.

मामाला तोंड झाकून, अंगभर झगा घालून आत सोडलं तेव्हा ताईचे ओठ निळसर पडले होते. भाची उशाशी बसून पाय हलवत होती, थांबवायचं भान नसल्यासारखी. प्रचाराचा शेवटचा दिवस होता. खिडकी उघडी होती, आणि लांबून टेंपो येताना ऐकू आला. मामाने खिशातून फोन काढून टेंपोवाल्याला लावला. "बंद कर. दवाखान्यासमोर आहेस तू, बंद कर ते." टेंपोवाला म्हणाला, "मामा, आज नाही बंद करता येत, साहेबांनी सांगितलंय. तुमचाच तर आवाज आहे!"

"साथीने..." भोंगा खिडकीखाली म्हणाला आणि थांबला. त्या मोकळ्या जागेत खोलीतलं यंत्र तेवढं टिकटिकत राहिलं. "की साथीत?" आणि मग तो दुसरा, खर्जातला.

मामा खिडकी लावायला धावला. भाचीने तोंड फिरवलं. ताईने डोळे उघडले. तिला एका श्वासात एकच शब्द जमत होता. "छान... लागलाय... आवाज," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती गेली. मामा जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. "घे म्हणालो असतो, घे म्हणालो असतो," एवढंच तो बोलत होता आणि लोक त्याला ओलांडून वर-खाली जात होते.

मतदान झालं, वकीलसाहेब निवडून आले. ते घरी भेटायला आले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवून बसले, डोळेही पुसले. निघताना मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "शोकसभा ठेवतोय, चौकातच. ताईंना लोक मानायचे. तुम्ही दोन शब्द बोला. छाती त्यांची मुळातच खराब, कापसाने गेल्या बिचाऱ्या. साथ होती, पण म्हणजे... तुमचेच शब्द आहेत, मामा. साथीत गेल्या."

वकील गेल्यावर भाची समोर येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बोलणारेस तू?" तिने विचारलं.

"कसा बोलू ग?"

"बोल. त्याच भोंग्यातून बोल. आई कशाने गेली ते सांग. मला नको सांगूस, मला माहितीय. बाबांना सांग. ते अजून सुई घेत नाहीत. आई गेली तरी घेत नाहीत, तुला कळतंय का? म्हणतात, तुझ्या मामाचा शब्द फिरला की बघू. त्यांना रात्रीचा खोकला सुरू झालाय. माझ्याकडे आता बाबा एवढे एकच उरलेत, मामा."

"बोलतो," मामा म्हणाला. "आईशपथ बोलतो."

शोकसभेला चौक भरला. भोंगे मामानेच बांधले, दुसरं कोण बांधणार? ताईने शिवलेल्या खोळी काढून त्याने घडी करून पिशवीत ठेवल्या. आज "चेक, चेक" म्हणवेना, म्हणून माइकवर नुसती टिचकी मारून बघितली. पुढच्या रांगेत दाजी, शेजारी भाची. मंचावर ताईचा फोटो. वकीलसाहेब बोलले, आणखी कोणी बोलले, मग मामाचं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पण पडल्या. सवय झाली होती लोकांना.

मामा उभा राहिला. वाक्य त्याने पाठ करून आणलं होतं. ताई साथीने गेली, माझ्यामुळे थांबली म्हणून गेली, तुम्ही थांबू नका. बस्स, एवढंच. ते एका दमात बोलून टाकायचं आणि खाली बसायचं.

"माझी ताई," तो म्हणाला, "माझी ताई गेली ती साथीने..."

आणि त्याचा गळा दाटून आला. पुढचा शब्द निघेना. त्याने माइकची दांडी घट्ट धरली. आवाज समोरच्या इमारतींवर आपटून परत आला. साथीने.

"की साथीत?" चौक गरजला.

मामाने डोळे विस्फारले. त्याने हात वर केला, नाही, नाही, असा. लोकांना वाटलं, आणखी जोरात म्हणा म्हणतोय.

"साथीने!" तो ओरडला. "अहो, साथीने! ऐका ना, साथीने गेली ती!"

"की साथीत?" या वेळी मागच्या गल्लीपर्यंत गेलं. मंचावर वकीलसाहेब डोळे पुसता पुसता मान डोलवत होते. पुढच्या रांगेत दाजी उभे राहिले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हात उंचावून, घसा फुटेस्तोवर, तेही तेच ओरडत होते. ओरडताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते खुर्चीच्या पाठीला धरून वाकले.

मामाने मशीनचा प्लग उपटला. भोंगे मुके झाले. लोकांचं भोंग्यावाचून चाललं, ते बराच वेळ ओरडत राहिले. तो मंचाच्या पायरीवर बसून बोलत होता, सुई घ्या म्हणत होता, थांबू नका म्हणत होता, पण ते दोन हातांवरच्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

चौक रिकामा झाल्यावर त्याने वायरी गुंडाळायला घेतल्या. भाची वडिलांना घरी पोहोचवून परत आली. वायरीचं दुसरं टोक तिच्या पायाशी पडलं होतं, ते तिने उचलून त्याच्या हातात दिलं.

"मध्येच थांबलास कशाला, मामा?" ती म्हणाली.